मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची छोटी बोट: मनासारखी सजवण्याआधी निवडायची कशी?

ॲल्युमिनियमची एखादी साधी, बाकांची बोट घ्यायची आणि तिच्यात हवा तसा डेक (म्हणजे उभं राहून गळ टाकायचा उंच सपाट मंच), फिरती खुर्ची, गळाच्या काठ्यांचे कप्पे, विजेची मोटर असं सगळं बसवायचं, ही कल्पना एकदा डोक्यात शिरली की बहुतेक जण डेकच्या नकाशापासून सुरुवात करतात. बोट मग मिळेल ती. क्रम नेमका उलटा हवा. डेक बिघडला तर उचकटून दुसरा बसवता येतो, खुर्ची हलवता येते, तारा नव्यानं ओढता येतात. तळाचा आकार, तळाची रुंदी आणि काठाची उंची मात्र कारखान्यातून आली तशीच शेवटपर्यंत राहते. म्हणून बोट बघताना या न बदलणाऱ्या गोष्टी आधी, आणि रंग, गाद्या, जुनी उपकरणं सगळ्यात शेवटी.

१. आधी पाणी ठरवा

बोट कुठे चालवणार? उथळ, झाडाझुडपांचं, शांत पाणी, मोठा जलाशय, जिथे दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, वाहती नदी, की खाडीचं खारं पाणी? उत्तर 'सगळीकडे' असेल तर ज्या पाण्यात सर्वाधिक वेळा जाणार ते धरा. एकच छोटी बोट सगळीकडे सारखी चालत नाही. तसं सांगणारा विक्रेता असला तर त्याच्याकडून दुसरी माहितीही जपूनच घ्या.

सोबत किती माणसं असणार आणि गळ उभं राहून टाकणार की बसून, एवढं आणखी ठरवलं की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

२. तळाचा आकार

छोट्या ॲल्युमिनियम बोटींचे ढोबळमानानं तीन प्रकार पडतात.

पहिला सपाट तळाचा. याला जॉन बोट म्हणतात. पुढचं टोकही बहुधा चौकोनी. फार भार नसेल तर वीतभर पाण्यातही तरंगते, उभं राहिलं तरी चटकन कलत नाही, आणि आतली जागा चौकोनी असल्यामुळे डेक, फरशी, कप्पे बसवायला सगळ्यात सोपी. नवख्या सुताराला ही बोट फार सांभाळून घेते. हिचं दुखणं एकच, पण मोठं: लाटेवर आपटते. वाऱ्याच्या दिवशी मोठ्या जलाशयात हिच्यातून अर्धा तास प्रवास केला की पाठ त्याची साक्ष देते. वर पाण्याचे तुषार अंगावर येतात ते वेगळंच.

दुसरा खोल व्ही आकाराचा. पुढची धार लाट कापत जाते, काठ उंच असतात, वाऱ्यातही माणूस कोरडा राहतो. पण स्थिर उभी असताना ती सपाट बोटीपेक्षा जास्त डुलते, पाणी जास्त खोल लागतं, आणि आतला तळ उतरता असल्यानं सपाट फरशी करायला खाली सांगाडा उभारावा लागतो. पुढे निमुळती होत जाते, त्यामुळे पुढच्या डेकला जागा कमी आणि कापाकापी जास्त.

तिसरा या दोन्हींच्या मधला. पुढे व्ही, मागे जवळजवळ सपाट. मागच्या टोकाशी तळ मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंकडे किती अंशांनी वर उचललेला आहे त्यावरून हा फरक मोजतात. सपाट बोटीत शून्य अंश, मधल्या प्रकारात साधारण पाच ते दहा, आणि वीसच्या पुढे गेलं की खऱ्या अर्थानं खोल व्ही. पहिलीच बोट घेणाऱ्यानं, पाणी फार उथळ किंवा फार उसळतं नसेल, तर या मधल्या प्रकारापासून बघायला सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. डेकसाठी जागा मिळते आणि वाऱ्यात परत येताना घाबरायला होत नाही.

३. मापं वाचायला शिका

जॉन बोटींच्या नावात बरेचदा चार आकडी संख्या असते: १२३२, १४३६, १४४८, १६४८. पहिले दोन आकडे फुटांतली लांबी, पुढचे दोन तळाची इंचांतली रुंदी. म्हणजे १४४८ ही चौदा फूट लांब आणि तळाशी अठ्ठेचाळीस इंच रुंद. रुंदी तळाची सांगितली आहे की वरच्या काठाची, हे विचारून घ्या. बाजू बाहेर झुकलेल्या असल्यानं काठाची रुंदी नेहमी मोठी दिसते, आणि जाहिरातीत मोठाच आकडा छापायचा मोह कुणाला होत नाही?

नवखे लांबीकडे बघतात. बघायला हवं तळाच्या रुंदीकडे. बत्तीस इंची तळाच्या बोटीत बसून गळ टाकावा, तिच्यात उंच डेक करायचा विचारही नको. छत्तीसमध्ये एकटा माणूस जपून उभा राहतो. दोघांना उभं राहून मासेमारी करायची असेल आणि पुढे डेक हवा असेल, तर अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे सुमारे १.२ मीटर, ही मी किमान मर्यादा धरतो. सोळा फूट लांब पण अरुंद बोटीपेक्षा चौदा फूट रुंद बोट केव्हाही बरी.

दुसरं माप काठाच्या उंचीचं. डेक जितका वर, तितका माणसाच्या वजनाचा मध्य वर, आणि तितकी बोट कलायला तयार. उथळ बोटीत काठाच्या बरोबरीनं डेक केला की पाय अडवायला काहीच उरत नाही. खोल बोटीत तोच डेक काठाच्या चांगला खाली बसतो. फोटोत छान दिसणारे कितीतरी डेक पाण्यावर उभं राहायच्या लायकीचे नसतात, त्याचं कारण इथे आहे.

तिसरं माप मागच्या उभ्या फळीचं, म्हणजे ट्रान्समचं. यावर इंजिन टांगलं जातं. हिची उंची सहसा पंधरा किंवा वीस इंच असते आणि इंजिनाची दांडी त्याच मापाची लागते. आखूड दांडीचं इंजिन उंच फळीवर लावलं तर पंखा हवा खातो. लांब दांडीचं इंजिन ठेंगण्या फळीवर लावलं तर ते विनाकारण खोल जाऊन पाणी उडवत राहतं. घरात इंजिन आधीच असेल तर मोजपट्टी घेऊनच बोट बघायला जा.

४. रिवेट की वेल्डिंग

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीनं ॲल्युमिनियमच्या कॅनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या होड्या, बनवायला घेतल्या, आणि पातळ पत्रा रिवेटनं जोडायचं विमानातलं कसब पाण्यावर उतरलं. आजही हलक्या बोटी बऱ्याचदा रिवेटच्याच असतात. फायदा असा की पत्रा पातळ चालतो, बोट हलकी राहते, आणि रिवेट सैल झाला तर तो ठोकून घट्ट करता येतो किंवा नवा घालता येतो. एकानं बाहेरून ठोकायचं, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. जिथे आतून हात पोचत नाही तिथे बंद टोकाचे पॉप रिवेट (एकाच बाजूनं बसवता येणारे) सीलंट लावून वापरतात. उघड्या टोकाचे साधे पॉप रिवेट पाण्याखाली चालत नाहीत. मधल्या छिद्रातून पाणी येतं. तोटा सगळ्यांना माहीत आहे: वर्षानुवर्षं आपटून रिवेट सैल होतात आणि झिरपतात.

वेल्डिंगच्या बोटीत झिरपायला रिवेटच नसतात, आतला पृष्ठभाग स्वच्छ मिळतो, पत्रा जाड असतो. पण वेल्डच्या उष्णतेनं शेजारच्या पट्ट्यातला पत्रा मऊ पडतो, आणि चीर गेली तर सहसा तिथेच जाते. ती सांधणं घरचं काम नव्हे. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतं, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. नवशिक्याच्या हातात थर तसाच राहतो आणि खालचा धातू गळून पडतो. म्हणून ॲल्युमिनियमचा सराव असलेला वेल्डर जवळपास असेल, तरच वेल्डिंगची जुनी बोट घ्या.

पत्र्याची जाडी विचारा. अगदी हलक्या बोटींत ती १.३ मिलिमीटरच्या आसपास, मधल्यांत १.६ ते २, दणकट बोटींत अडीच ते तीनच्या पुढे. खडकाळ नदीत जाणार असाल तर जाड पत्रा हवाच. शांत तळ्यासाठी १.६ मिलिमीटरची रिवेटची बोट पुरेशी आहे, शिवाय वाचलेलं वजन तुमच्या सामानाला मिळतं. मिश्रधातूही बघा. ५०५२ हा मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा बोटींसाठी सर्रास वापरतात आणि तो खाऱ्या पाण्यातही चांगला टिकतो.

५. वजनाचा हिशोब, बोट बघायला जाण्याआधी

या उद्योगात लोक सगळ्यात जास्त टाळतात ती पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

बऱ्याच बोटींवर मागच्या बाजूला एक धातूची पट्टी असते. तिच्यावर किती माणसं, एकूण किती वजन आणि किती अश्वशक्तीचं इंजिन चालेल ते लिहिलेलं असतं. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक इंजिनाच्या बोटींवर १९७२ पासून ही पट्टी सक्तीची आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर सीई खुणेची पट्टी असते आणि बोट कोणत्या पाण्यासाठी बनवली आहे तेही त्यावर अ, ब, क, ड अशा चार वर्गांत नोंदलेलं असतं. पट्टी गळून पडली असेल तर माणसांचा ढोबळ अंदाज असा काढतात: फुटांतली लांबी गुणिले फुटांतली रुंदी, भागिले पंधरा. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद बोटीत सुमारे ४.७ येतात, म्हणजे चारच माणसं. हा आकडा शांत पाण्यातल्या मोकळ्या बोटीचा आहे. डेक, बॅटरी, पेट्या चढल्या की तो खाली येतो.

आता कागद घ्या. समजा, बोटीवर एकूण वजन ३४० किलो लिहिलं आहे आणि त्यात माणसं, इंजिन, सामान सगळं धरायचं आहे. दोन माणसं १६० किलो. वीस अश्वशक्तीचं फोर स्ट्रोक इंजिन सुमारे ५०. पेट्रोल आणि टाकी २२. शिसं-आम्लाच्या दोन मोठ्या बॅटऱ्या ५०. विजेची छोटी मोटर १५. बारा मिलिमीटर प्लायवुडचं वजन चौरस मीटरला सात-आठ किलो असतं. डेक आणि फरशी मिळून चार चौरस मीटर धरले तर ३० किलो. खालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा १२. काठ्या, रिळं, आमिषाच्या पेट्या १५. नांगर आणि दोर ८. मासे जिवंत ठेवायची पन्नास लिटरची टाकी, भरल्यावर ५०. बेरीज ४१२. म्हणजे घाटावरून सुटायच्या आतच बहात्तर किलो जास्त.

इथेच निर्णय होतात. दोन जड बॅटऱ्यांऐवजी एक लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपियर-तासांची बॅटरी घेतली तर ती बारा किलोच्या आसपास असते. ३८ किलो वाचले. पाण्याची टाकी काढून टाकली. आणखी ५० वाचले. बेरीज ३२४, आणि आता जमलं. किंवा मग मोठी बोट घ्या. हे गणित बोट घेण्याआधी केलं तर फुकट असतं. नंतर केलं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

इंजिनाची मर्यादाही पट्टीवरचीच पाळा. अमेरिकी नियमांत ती बोटीची लांबी आणि ट्रान्समची रुंदी यांच्या गुणाकारावरून निघते, आणि त्याच गुणाकाराला सपाट तळाच्या, हातदांडीनं वळवायच्या बोटीला कमी अश्वशक्ती मिळते. ट्रान्सम वीस इंची असून सुकाणूचं चाक असेल तर जास्त. जास्त ताकदीचं इंजिन नुसतं वेग वाढवत नाही, मागच्या टोकाला जडही करतं. उभ्या बोटीत मागून लाट आत येते ती यामुळेच.

६. बघायला जाताना

सोबत घ्यायच्या वस्तू: टॉर्च, दोन मीटरची सरळ पट्टी, रबरी हातोडी, बारीक टोच्या, मार्कर, मोजपट्टी आणि एक लोहचुंबक. चुंबकाचं काम पुढे कळेल.

सुरुवात ट्रान्समपासून करा. जुन्या बोटीत पैसा आणि वेळ खाणारी जागा हीच. बाहेरून पत्रा दिसतो, पण आत बहुधा प्लायवुड असतं आणि इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी जाऊन ते कुजतं. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा भाग धरून वरखाली हलवा आणि ट्रान्समकडे बघा. फळी वाकताना दिसली, कोपऱ्यात फट उघडली, तर आत भुसा झालेला आहे. इंजिन नसेल तर हातोडीनं हलके ठोके द्या. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बोदं. बोल्टाच्या भोकात टोच्या घालून बघा. कुजलेला ट्रान्सम म्हणजे नकार असं मात्र नाही. प्लायवुड बदलणं नवख्यालाही जमतं: जुन्या फळीचा साचा काढायचा, मरीन प्लायवुडचे दोन थर इपॉक्सीनं चिकटवायचे, कडा आणि भोकं इपॉक्सीनं बंद करायची. वेळ जातो, कौशल्य फार लागत नाही. ट्रान्समला तळाशी जोडणारे त्रिकोणी आधार चिरलेले असतील, तर मात्र तो पत्र्याचा प्रश्न आहे.

मग तळ. बोट ट्रेलरवर असेल तर खाली आडवं व्हावं लागतं; कपडे मळतील, मळू द्या. मागच्या दीड-दोन मीटरच्या भागावर सरळ पट्टी लांबीच्या दिशेनं धरा. मध्ये फट दिसली तर तळ आत दबलेला आहे. अशी बोट वेगात पुढचं टोक पाण्यात खुपसते. उलट तळ बाहेर फुगलेला असेल तर पुढचं टोक सारखं वरखाली आपटत राहतं. ट्रेलरच्या लाकडी पट्ट्या ट्रान्समपर्यंत पोचत नसतील तर इंजिनाच्या वजनानं वर्षानुवर्षं लटकून तळ असा वाकतो. त्यामुळे पट्ट्या कुठे संपतात तेही बघून घ्या. साध्या पोच्यांना घाबरू नका, ते वापराचे असतात. कण्यावर, फासळ्यांच्या ओळीत किंवा तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या सांध्यावर बसलेला धक्का वेगळा. तिथे चीर शोधा.

पत्र्यावर पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, दिसली तर ती बोटानं पुसून खाली बघा. नुसता मळकट थर असेल तर ठीक, टोच्याचं टोक अडकेल असे खड्डे असतील तर खोली तपासा. ओला गालिचा, भिजलेला फोम किंवा कुजकी पानं पत्र्याला चिकटून राहिली की त्यांच्याखाली धातू खाल्ला जातो. आतून गालिचा चिकटवलेली बोट असेल तर एक कोपरा उचलून बघायची परवानगी मागा. परवानगी नाकारली तर उत्तर मिळालंच.

आता चुंबक. आधीच्या मालकानं कुठे लोखंडी स्क्रू मारलेत का ते त्यानं लगेच कळतं. चुंबक जिथे चिकटेल तिथे आजूबाजूचा पत्रा नीट तपासा.

गळती शोधायची जुनी रीत आत पाणी भरून बाहेर थेंब शोधण्याची. रीत चांगली, पण बेतानं. तीन मीटर लांब, १.२ मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे ३६० किलो, आणि ते पेलायला खाली पाण्याचा आधार नाही. तळाला खालून भरपूर ठिकाणी टेकू असेल तरच भरा, तेही रिवेट जेमतेम बुडतील इतकंच. थेंब येईल तिथे मार्करनं गोल काढा. दोन-चार झिरपणारे रिवेट असणं जुन्या बोटीला शोभतं. एकाच ओळीत सलग गळणारे रिवेट म्हणजे तो सांधाच हलतोय.

७. बाकांखाली काय आहे

आडवे बाक दिसले की नवख्याला करवत आठवते. जरा थांबा. छोट्या बोटीत बाक दोन कामं करतात. एक, दोन्ही बाजूंना ताण देऊन धरतात. सगळे बाक काढले तर बाजू फाकतात आणि लाटेवर बोट पिळते. दुसरं, त्यांच्या पोटात फोम असतो, आणि बोट पाण्यानं भरली तरी ती बुडू नये याची सोय तोच करतो.

शंभर किलो ॲल्युमिनियम पाण्याखाली गेलं तरी त्याला वर धरायला सुमारे ६३ किलोचा आधार लागतो, आणि इंजिन, बॅटरी यांचा हिशोब त्याहून वेगळा. बंद पेशींचा एक लिटर चांगला फोम जवळजवळ एक किलो पेलतो. म्हणजे बाकातला जेवढ्या लिटरचा फोम काढाल, तेवढाच नव्या डेकखाली, शक्यतो काठाजवळ आणि उंचावर, परत बसवायला हवा. तळाशी मधोमध भरलेला फोम बोट बुडू देत नाही, पण भरलेल्या बोटीला उलटायला मदतच करतो. एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनच्या लाद्या कापायला सोप्या असतात, मात्र पेट्रोलनं त्या विरघळतात. इंधनाच्या टाकीजवळ त्या नकोत.

जुना फोम पाणी पिऊन बसलेला असू शकतो. बाकाच्या खालच्या कडेनं हाताचं बोट घालून बघा, किंवा अख्खी बोट वजनकाट्यावर न्या. कारखान्याच्या आकड्यापेक्षा ती कितीतरी जड भरली तर ते वजन कसलं, हे वेगळं सांगायला नको.

खरेदीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा: मधला एखादा बाक काढून जागा मोकळी होईल आणि पुढचा-मागचा बाक डेकचा पाया म्हणून तसाच राहील, अशी रचना असलेली बोट शोधा. दोन बाकांच्या पातळीवर डेक टाकला की निम्मा सांगाडा आयता मिळतो.

८. कुणीतरी अर्धवट सजवलेली बोट

अशी बोट बाजारात नेहमी दिसते. डेक झालेला, तारा ओढलेल्या, मग मालकाचा उत्साह संपलेला. मोह होतो. मी तिच्यापेक्षा मूळ अवस्थेतली, ओबडधोबड बाकांची बोट घेईन. अर्धवट बोटीत डेकखाली काय कापलंय, कुठल्या बोल्टनं काय धरलंय, फोम ठेवलाय की फेकलाय, हे काहीच दिसत नाही. घ्यायचीच असेल तर डेक आज ना उद्या उचकटावा लागणार असं धरूनच भाव करा.

९. ट्रेलर, इंजिन, कागद

तिन्ही थोडक्यात. ट्रेलरची चाकं हातानं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, टायरच्या भेगा बघा. बोटीसोबत मिळणारं जुनं इंजिन चालू होत असेल तर वरकमाई समजा, पण त्याच्यासाठी वाईट बोट घेऊ नका. ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला कोरलेला बोटीचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खरवडलेला किंवा रंगानं झाकलेला असेल तर व्यवहार तिथेच सोडा. ट्रेलरचे कागद बोटीपासून वेगळे असू शकतात, तेही मागा.

१०. बोट घरी आल्यावर, करवत हातात घेण्याआधी

काय वापरायचं नाही हे आधी ठरवा, कारण ॲल्युमिनियमला संगत फार लवकर बाधते. तांबं आणि पितळ ओलाव्यात त्याला लागलं की झिजतं ते ॲल्युमिनियमच. म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड डेकला वापरू नका, त्याला लाकूड टिकतं आणि पत्रा जातो. तळाला शेवाळरोधक रंग लावायचा तर तो तांब्याचा नको. स्टेनलेसचे स्क्रू चालतात, पण मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा विलगीकरणाची पेस्ट हवी. शिशाची वजनं आणि चिल्लर तळाच्या पाण्यात पडून राहू देऊ नका. त्यांच्याखाली खड्डे पडतात. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर बलिदानी धातूचे, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे, ठोकळे लागतात: खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे.

विजेचं काम करताना बोटीचा पत्रा परतीची तार म्हणून कधीही वापरू नका. मोटारगाडीत चालतं ते इथे चालत नाही. गळणारा प्रवाह पत्रा खातो. प्रत्येक उपकरणाला दोन्ही तारा बॅटरीपर्यंत, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. विजेच्या मोटरची ताकद निवडताना भरलेल्या बोटीच्या दर शंभर पौंडांना दोन पौंड ओढ असा ढोबळ नियम धरतात. ४५० किलोच्या, म्हणजे साधारण हजार पौंडांच्या बोटीला वीस पौंड पुरतात. वारा आणि प्रवाह असेल तर दुप्पट घ्या. पंचावन्न पौंडांपर्यंतच्या मोटरी बारा व्होल्टवर चालतात, म्हणजे एकाच बॅटरीत भागतं.

हे ठरलं की बोट जशी आहे तशी पाण्यात उतरवा. शांत पाणी, अंगात तरंगजाकीट, सोबत एक माणूस. तुमच्या कागदावरचा हिशोब काढा आणि जिथे बॅटरी येणार तिथे तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या, जिथे टाकी येणार तिथे पाण्यानं भरलेले डबे ठेवा. डेकच्या जागी बाकांवर प्लायवुडचा एखादा जुना तुकडा दोरीनं बांधा आणि त्यावर जपून उभे राहा. बोट मागे बसते का, एका बाजूला कलते का, ट्रान्सम पाण्याच्या किती वर राहतो ते मोजा. काठाबाहेर वाकून मासा जाळ्यात घेत असल्याची नक्कल करा, दुसरा माणूसही त्याच बाजूला असताना. पिशव्या पुढेमागे हलवून पुन्हा मोजा. बॅटरी पुढे नेली आणि इंधनाची टाकी मागे ठेवली की बोट बरेचदा सपाट बसते.

जागा ठरल्या की पिशव्या उचलण्याआधी मार्करनं तळावर त्यांच्या खुणा करा. मग पुठ्ठ्याचे साचे कापा, आत बसवून बघा, त्यांच्यावरूनच प्लायवुड आखा. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो.